ब्रुनो कूलरसमोरून उठत नाही, गुरगुरतो, आणि आता झडप घातली, तर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही समजेल. मनीषनगरला फ्लॅट, अडीच वर्षांचा लॅब्राडॉर नर, नाव ब्रुनो, पिल्लू असल्यापासून एकदम गरीब. यंदा कूलर लागला तेव्हापासून तो कूलरसमोर पसरलेला असताना तुमचा आठ वर्षांचा मुलगा जवळ गेला की गुरगुरून राहिला, आणि गेल्या रविवारी सासरे त्याला पट्टा धरून उठवायला गेले तर हातावर झडप घातली, रक्त नाही आलं पण लाल ओरखडे उठले. सोसायटीत कोणी म्हणतं नसबंदी करा, कोणी म्हणतं पेपरची गुंडाळी करून नाकावर हाणा, डोक्यावर चढलाय तो, आणि एक जण तर म्हणे बांधून ठेवा दोन दिवस उपाशी, सरळ होईल. मी व्हेट आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करतो आणि चावणाऱ्या कुत्र्यांच्या केसेस बऱ्याच बघतो म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा.

पण आधी आजोबांचं. ओरखडा उठला म्हणजे त्याला रेबीजच्या हिशोबात दुसरी कॅटेगरी धरतात, रक्त आलं नसलं तरी, त्यामुळे त्यांना आजच्या आज मेयोला नाहीतर मेडिकलला, म्हणजे आपल्या दोन सरकारी हॉस्पिटलांपैकी एकात, घेऊन जा. घरचाच कुत्रा आहे, त्याला दरवर्षी इंजेक्शन देतो, असं म्हणून घरी बसू नका, लस घ्यायची की नाही आणि किती डोस ते तिथले डॉक्टर ठरवतील, ब्रुनोचं व्हॅक्सिनेशन कार्ड सोबत न्या. ब्रुनोवर झडप घातल्यापासून १० दिवस लक्ष ठेवायचं असतं, तो खातोपितो, नॉर्मल आहे, हे बघायचं. आणि पुढे कधीही असं झालं तर पहिलं काम नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुणं, घड्याळ लावून १५, आपल्याकडे दोन मिनिटांत आटोपतात आणि वरून हळद, तिखट, चुना काय काय भरतात, ते काही करायचं नाही.

आता ब्रुनोकडे येऊ.

तुम्ही लिहिलं की "अचानक झालं". मी तुम्हाला खोटं पाडत नाही, पण तुमच्याच मेसेजमध्ये दीड-दोन महिन्यांपासून गुरगुरतोय असं आहे, म्हणजे तो दीड-दोन महिने सांगून राहिला होता नं. गुरगुरणं ही कुत्र्याची वॉर्निंग आहे आणि माझ्या मते पाळलेल्या कुत्र्यातली सगळ्यात कामाची सवय तीच आहे. ती मारून बंद केली तर कुत्र्याची भीती किंवा दुखणं कुठं जात नाही, फक्त आवाज जातो, आणि मग येतो तो कुत्रा ज्याच्याबद्दल लोक म्हणतात, डॉक्टर काही कळलंच नाही हो, एकदम चावला. असे कुत्रे मला सगळ्यात अवघड जातात. म्हणून पेपरची गुंडाळी आजपासून फक्त रद्दीत.

गुरगुरण्याच्याही आधी बरंच काही होतं, ते बघायला शिका, मुलालाही शिकवा. ब्रुनो कूलरसमोर पडलाय, उन्हाळा आहे, जीभ बाहेर, धापा टाकतोय. पोरगं टॅब घेऊन गारव्याला त्याच्याकडे सरकतं. पहिली गोष्ट काय होते, तर त्याचं तोंड बंद होतं. नवतपात ४५ डिग्रीला धापा टाकणारा कुत्रा एकाएकी तोंड मिटून श्वास रोखल्यासारखा थांबला तर ते गार झालं म्हणून नाही. मग जिभेचं टोक एकदा नाकावरून फिरतं, पटकन, समोर खायला काही नसताना. डोकं थोडं दुसरीकडे वळतं पण डोळे मात्र पोरावरच, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. कान मागे. मग सगळं अंग लाकडासारखं ताठ, शेपटीचं टोकसुद्धा हलत नाही. हे सगळं तीन-चार सेकंदांत होऊन जातं आणि त्यानंतर आवाज येतो. काही कुत्रे मध्येच जांभई देतात, आपण म्हणतो झोप आली बिचाऱ्याला. तोंड मिटलं किंवा अंग ताठलं की पोरानं तिथेच थांबायचं, टक लावून बघायचं नाही, सावकाश मागे यायचं. एवढं जमलं तरी अर्धी लढाई झाली.

आता कारण. मला तुमच्या वर्णनात दोन गोष्टी खटकल्या. एक, झडप पट्टा ओढल्यावर घातली. दोन, तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय की तो आजकाल डोकं झटकतो आणि उन्हाळा आहे म्हणून तुम्ही त्याला एक दिवसाआड आंघोळ घालता. लॅबचे कान लोंबते, आत हवा जात नाही, आंघोळीचं पाणी आत राहिलं की कानात इन्फेक्शन होतं, आणि ज्याचा कान आतून सुजलाय त्याचा पट्टा वर खेचला की तो नेमका कानाखालीच बसतो. मी पाहिलं नाही तोपर्यंत कानच आहे असं छातीठोक सांगणार नाही, लॅबमध्ये कंबरेच्या सांध्याचा दोषही असतो, झोपलेल्या कुत्र्याला एकदम उठवलं तर त्यानेही कळ जाते. त्यात उन्हाळ्यात गोचिड्या वाढतात, टिक फिव्हर झालेला कुत्रा मलूल आणि चिडचिडा होतो, कधी ताप दिसतो कधी दिसत नाही. म्हणून ट्रेनर नंतर, आधी व्हेट. कान आतून दुर्बिणीनं बघून घ्या, मागचे पाय आणि पाठ दाबून तपासून घ्या, गरज वाटली तर एक्स-रे, आणि प्लेटलेटसकट रक्त. जवळ कोणी नसेल तर सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहेच. माणसांची पेनकिलर मात्र देऊ नका, ब्रुफेनची अर्धी गोळीसुद्धा नाही, कुत्र्यांच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते त्याने.

दुखणं निघालं आणि बरं झालं तरी सवय शिल्लक राहू शकते, कारण दरम्यान तो एक गोष्ट शिकलाय: माणूस जवळ आला की दुखतं किंवा गार जागा जाते, आणि गुरगुरलं की माणूस मागे हटतो. याला डोक्यावर चढणं म्हणत नाहीत. हे अल्फा, म्हणजे कळपाचा दादा, वगैरे आलं कुठून तर रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकानं १९४७ साली प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, इकडून तिकडून आणून एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचं वर्णन लिहिलं, ते मारामाऱ्या करत होते, त्यावरून लोकांनी ठरवलं की लांडगे असेच, मग कुत्रेही असेच, मग मालकानंही दादागिरी केली पाहिजे. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech), ज्यांच्या आधीच्या लिखाणामुळे हे सगळीकडे पसरलं, त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथं असं कोणी लढून अल्फा होत नाही. पण आपल्याकडे अजून कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरा म्हणणारे ट्रेनर आहेत. तसं कोणी सांगितलं तर फी वाचवा आणि घरी या. चोक चेन, काट्यांचा पट्टा, करंटचा पट्टा, सगळं त्याच माळेतलं. कुत्र्याला मुलाची भीती किंवा चीड असताना मूल दिसल्यावर गळ्याला झटका बसला तर तो झटका कोणाच्या नावावर लिहील?

मग करायचं काय. पहिले पंधरा दिवस शिकवायचं काहीच नाही, फक्त तसा प्रसंग येऊ द्यायचा नाही. ब्रुनोची गार जागा वेगळी करा. कूलर हॉलमध्ये एकच असेल तर हवेच्या झोताच्या एका कडेला त्याची चटई, तिथं कोणी जायचं नाही, पोरांची बसायची जागा दुसऱ्या कडेला आणि मधे खुर्च्या किंवा लहान मुलांचं जाळीचं गेट. नाहीतर बाथरूमबाहेरच्या फरशीवर ओलं पोतं आणि टेबल फॅन, बरेच कुत्रे ते कूलरपेक्षा जास्त पसंत करतात. नियम घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनाही: पडलेल्या, खाणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याकडे आपण जायचं नाही, त्याला आपल्याकडे बोलवायचं. आला तर आला. लाड करतानाही तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा, त्याने परत नाक घुसवलं तर पुढे, नाहीतर बस. पोरं गळ्यात पडून मिठी मारतात त्याचे फोटो फार गोड येतात, पण कुत्र्याचं तोंड बघा कधी त्या फोटोत. आणि आठ वर्षांचा मुलगा आणि ब्रुनो, मोठं माणूस खोलीत नसताना एकटे नाहीत, पाच मिनिटंही नाही.

त्याला उठवायचंच असेल तर पट्टा धरू नका. घरात असताना अंगात हार्नेस, म्हणजे छातीवरून बांधायचा पट्टा, घाला, त्याला एक हलकी दोरी लावून ठेवा, दीड-दोन मीटरची, गाठ नसलेली, म्हणजे कुठं अडकणार नाही, आणि तीही घरात कोणी जागं असतानाच. अडचण आलीच तर दुरून दोरी धरता येते. पण रोजचं काम वेगळं. दोन-तीन पावलांवरून "ब्रुनो, ये" म्हणायचं, उठून आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि लगेच "जा" म्हणून परत त्याच्या जागेवर. ही परत पाठवायची गोष्ट लोक विसरतात. उठलो की जागा गेली असं नाही, उठलो की चिकन मिळतं आणि जागाही राहते, हे त्याला पटलं पाहिजे. शाकाहारी घर असेल तर पनीर चालतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा घातलेलं काही नको, ते विषारी आहे त्यांना.

दोनेक आठवडे हे नीट झालं, कान वगैरे बरा झाला, की मुलाला आणा, पण लांबून. ब्रुनो चटईवर, पोरगा खोलीच्या दुसऱ्या टोकाला दारात येतो, तुम्ही ब्रुनोजवळ बसून चिकन देता, पोरगा जातो, चिकन बंद. एवढंच. क्रम उलटा करू नका, आधी पोरगा दिसला पाहिजे मग चिकन. ब्रुनोचं तोंड सैल, धापा चालू, पोरगा दिसला की तुमच्याकडे वळून बघतो, कुठाय माझं, असं झालं की दुसऱ्या दिवशी एक पाऊल जवळ. तोंड मिटलं की तुम्ही घाई केली, दोन पावलं मागे. याला महिना-दीड महिना लागतो आणि ते बघायला अत्यंत कंटाळवाणं असतं, सासरेबुवा म्हणतील हे काय लाड लावलेत, चावला तर चिकन देता. त्यांना सांगा की चिकन चावण्याबद्दल नाही, नातू दिसल्याबद्दल आहे.

खाण्याच्या ताटलीचंही बोलून घेतो कारण हे आणि ते एकच. बरेच लोक पिल्लू खाताना मुद्दाम ताटलीत हात घालतात, मधेच ताटली उचलतात, सवय लागावी म्हणून. त्याने उलटी सवय लागते. त्यापेक्षा जाता जाता ताटलीत अजून चांगलं काहीतरी टाका आणि पुढे निघून जा, थांबू नका. तोंडात चप्पल धरली असेल तर हिसकू नका, बदल्यात काहीतरी द्या. आणि रविवारी सावजी झाल्यावर मटणाची हाडकं कुत्र्याला टाकायची आपली नागपुरी दानत आवरा, एक तर शिजलेलं हाड तुटून टोकदार होतं, आतडं फाडू शकतं, आणि दुसरं, रोज गरीब असलेला कुत्रा हाडकावर वाघ होतो आणि नेमकं तेव्हाच घर पाहुण्यांनी भरलेलं असतं.

उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे अशा तक्रारी जास्त येतात आणि त्याचं कारण काही कुत्र्यांचं डोकं तापतं एवढंच नाही. फिरणं बंद होतं, दिवसभर घरात कोंडलेला, पोरांच्या सुट्ट्या, घरात दंगा, मामाकडचे पाहुणे, रात्री लाइट गेले की झोप नाही. एकेक गोष्ट तो सहन करतो, पण सकाळी पाहुणे, दुपारी लाइट गेले, कान दुखतोय, आणि संध्याकाळी कोणी पट्टा ओढला, तर चौथ्यावर फुटतो आणि आपण फक्त चौथी गोष्ट बघतो. पहाटे पाच-साडेपाचला फिरवा, रात्री नऊनंतर. डांबराला हाताची मागची बाजू सात सेकंद लावून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यालाही नाही. दुपारी चालवण्याऐवजी नाकाला काम द्या, त्याचं सुकं खाणं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गाठी मारा किंवा खोक्यात कागदाच्या बोळ्यांमध्ये लपवा, वीस मिनिटं हुंगण्यात गेली की तो मस्त दमून झोपतो.

तोंडाला जाळी लावायची का असं तुम्ही विचारलंय. व्हेटकडे नेताना हो, लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण टोपलीसारखी घ्या, ज्यात जीभ काढून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. ती कापडी नळी मिळते नं, तोंड घट्ट आवळणारी, ती नागपूरच्या उन्हात घालून कुत्रा ऑटोत बसवला तर हीटस्ट्रोक ठरलेला, कारण त्याला घाम येऊन गार होता येत नाही, धापा हाच त्याचा मुख्य उपाय. आणि जाळी दवाखान्याच्या दारात पहिल्यांदा घालू नका, आठवडाभर आधी घरी आत चिकन ठेवून सवय करा. कान दुखतोय म्हणून एवढं थांबता येत नसेल तर फोन करून तसं आधी सांगा, आम्ही गाडीपाशी येऊन बघतो, बाकी दवाखान्यातही विचारायला हरकत नाही.

नसबंदीचं. दुसऱ्या कारणांसाठी करायची असेल तर जरूर करा, भटकणं, लघवीचे मार्किंग, नर-नर भांडणं यात बरेचदा फरक पडतो. पण भीतीनं, दुखण्यानं किंवा जागा राखण्यासाठी चावणारा कुत्रा ऑपरेशननं सुधरेल या आशेवर राहू नका. आणि बांधून उपाशी ठेवणं याच्यावर मी बोलत नाही, बोललो तर वाईट बोलेन.

फाटकाशी बांधलेल्या कुत्र्यांचं मात्र बोलतो. त्रिमूर्तीनगरकडच्या एका घरी जर्मन शेफर्ड होता, दिवसभर गेटला. दूधवाला आला, भुंकला, दूधवाला गेला. कुरियरवाला आला, भुंकला, गेला. कुत्र्याच्या हिशोबात प्रत्येक वेळी भुंकल्यामुळेच तो गेला, रोजचे पंधरा-वीस विजय. एक दिवस गेटबाहेर मोकाट कुत्र्यांची टोळी आली, हा आतून उसळतोय, आणि घरच्या पोराने मागून येऊन पट्टा धरला. कुत्र्याने वळून बघितलंसुद्धा नाही, तोंडाला जे लागलं ते धरलं, पोराचं मनगट होतं. तो पोरावर चिडला नव्हता, त्याला त्या क्षणी पोरगा दिसलाच नव्हता. म्हणून भांडणाऱ्या किंवा गेटवर उसळणाऱ्या कुत्र्याला हाताने धरायचं नाही, दार लावा, बादलीभर पाणी मारा, मधे खुर्ची घाला. आणि गेटवर कुत्रा बांधायचाच नाही, गेटला पत्रा लावून दिसणं बंद केलं तरी फरक पडतो.

ज्यांच्या घरी पिल्लू येणार आहे त्यांच्यासाठी थोडं. ३ आठवड्यांपासून साधारण १२-१४ आठवड्यांपर्यंतचा काळ असा असतो की त्यात जे पाहिलं, ऐकलं ते पिल्लाला जन्मभर नॉर्मल वाटतं. ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे, तरी इथे ३५-४० दिवसांची पिल्लं सर्रास मिळतात, आणि भावंडांसोबत खेळताना किती जोरात चावलं तर समोरचा कोकलतो हे ती शिकलेलीच नसतात. मग आपण लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढत नाही, तोवर तो काळ संपला. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन फुटाळा तलावावर जा, चौकात उभे राहा, हेल्मेटवाले, रेनकोटवाले, काठी टेकणारे आजोबा, सायकलवरची पोट्टी, कुकरची शिट्टी, पोळ्याचे ढोल, सगळं लांबून आणि सोबत खाऊ. रेबीजची लस ३ महिन्यांना, नंतर बूस्टर व्हेट सांगेल तसा.

"लॅब चावतच नाही" हे पण सोडा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी आणा असं पत्र काढलं होतं, कर्नाटक हायकोर्टानं ते रद्द केलं, पण त्या गोंधळात लोकांच्या डोक्यात बसलं की चावणारी जात वेगळी आणि आपली वेगळी. दात सगळ्यांना आहेत. जबाबदारीही सगळ्यांना आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, म्हणून लिफ्टमध्ये "काही करत नाही हो तो" म्हणत सैल सोडू नका.

शेवटी तुमचा खरा प्रश्न, ब्रुनोला ठेवायचं की द्यायचं. तुम्ही लिहिलं त्यावरून मला ही केस चांगली वाटते. त्याने आधी वॉर्निंग दिली, दात लावले पण रुतवले नाहीत, एकदा धरून सोडलं, आणि कधी होतं हे सांगता येतं. ज्या कुत्र्याचे दात खोलवर गेलेत, धरून झटकलंय, परत परत चावलाय, वॉर्निंग देत नाही, आणि घरात लहान मूल आहे, तिथं मी ठेवा म्हणत नाही, आणि दुसऱ्याला देताना हे लपवू पण नका. काही कुत्र्यांना चिंता कमी करणारं औषधही लागतं, फ्लुओक्सेटिनसारखं, त्याचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि ते व्हेटनेच द्यायचं, सोबत वरचं सगळं शिकवणं असतंच. ब्रुनोला लागेल असं आत्ता वाटत नाही.

व्हेटकडे जाताना एक कागद न्या, कधी गुरगुरला, कुठे पडला होता, कोण कुठून आलं, त्याआधी दिवसभर काय काय झालं होतं, डोकं कोणत्या बाजूला झटकतो. चालतानाचा, उठतानाचा, जिना चढतानाचा व्हिडिओ काढा, त्यातून आम्हाला फार कळतं. गुरगुरतानाचा असलाच मोबाइलमध्ये तर दाखवा, नसेल तर राहू द्या, व्हिडिओसाठी म्हणून पोराला कूलरजवळ पाठवू नका.